पाऊलखुणा पुन्हा मातीखाली!

मुलांनो, पावसाळ्यात शाळेतून येताना वाटेवरच्या चिखलात तुमची पावलं उमटतात ना? पुढची सर आली, की पुसली जातात. पण आफ्रिकेतल्या टांझानिया देशात अशी पावलं तब्बल 36 लाख वर्षं टिकली!

त्या ठिकाणाचं नाव लाएटोली. ज्वालामुखीची राख पावसानं भिजली होती. मानवाचे पूर्वज तिच्यावरून चालत गेले. राख सिमेंटसारखी घट्ट झाली, वर आणखी राख पडली आणि ठसे झाकले गेले. 1978 मध्ये मेरी लीकी यांच्या पथकाला ते सापडले. सुमारे 70 ठसे, 27 मीटर लांबीची वाट!

मग ते काचेच्या पेटीत ठेवले असतील? छे! चक्क पुन्हा पुरून टाकले. कारण उघड्यावर पावसानं ते झिजले असते. पण वर टाकलेल्या मातीत बाभळीच्या जातीच्या झाडांचं बी होतं. झाडं वाढली, मुळं खाली शिरू लागली. म्हणून 1995-96 मध्ये मुळं काढून, वाळू आणि पाणी झिरपू देणारं खास कापड अंथरून, वर दगड रचून ठसे परत झाकले.

आता आपल्या खानदेशात या. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथे 1970च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं. पाऊलखुणा नव्हे, पण शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले! रेघांची नक्षी कोरलेला एक तुकडाही मिळाला. वय सुमारे 25 हजार वर्षं. म्हणजे आपल्याकडे तेव्हा शहामृग होते!

हे सगळं मातीनंच जपलं. पण तीच माती वाहून जाते. तापी, गिरणा, धुळ्याची पांझरा यांच्या काठी पाणी घळी पाडतं. तिथे कधी दगडी हत्यारं, कधी जुनी खापरं उघडी पडतात. पुढच्या पुरात गायब!

अशी वस्तू दिसली, तर खिशात घालू नका बरं का! ती कोणत्या थरात होती, यावरून तिचं वय कळतं. जागेवरून हलवली, की पत्ता पुसलेल्या पत्रासारखी गत होते. फोटो काढा, जागा वहीत लिहा, गुरुजींना किंवा बाईंना सांगा. पालकांनो, राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवायचं काम तुमचं! आणि काठावरचं गवत राखा. ते माती धरून ठेवतं, आणि मातीतल्या आपल्या पूर्वजांच्या खुणाही.