बंदरात उतरल्यावर

वरूडच्या विद्यार्थ्याने बंदरावर लेख लिहावा, हे पुष्कळांना गमतीचे वाटेल. आपले गाव सातपुड्याच्या पायथ्याचे. आपल्याला ठाऊक असलेले पाणी म्हणजे विहिरीचे, बोअरचे, नाहीतर पावसाळ्यात चुडामणीला येणाऱ्या पुराचे. मुंबईचा समुद्र येथून रस्त्याने सातशे किलोमीटरांच्या पलीकडे. तरीही गेल्या हिवाळ्यात मला व माझ्या वडिलांना जहाजाने मुंबईहून गोव्यास जाण्याचा योग आला. पुण्यास नोकरी करणाऱ्या माझ्या ताईने तिकिटे काढून दिली होती. आजीला एकटी ठेवता येईना, म्हणून आई घरी राहिली आणि तिच्या जागी मी गेलो.

जहाजाचे वर्णन करण्याचा येथे हेतू नाही. ते आता सर्वांनी चित्रांतून पाहिलेले असते. पण जहाज बंदरात लागल्यावर, कोणाच्याही मागे न जाता, आपल्या हिशेबाने गाव पाहून वेळेवर परत कसे यावे, हे मला कोणी सांगितले नव्हते. ते आम्ही चुकत-माकत शिकलो. पुढेमागे आपल्यापैकी कोणी गेलाच, तर त्याच्या उपयोगी पडावे म्हणून हा प्रपंच.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बंदर आणि गाव ही एक नव्हेत. आपली एस.टी. स्टँडवर थांबते आणि स्टँड बहुधा गावातच असते. जहाजाचे तसे नाही. मोठ्या जहाजाला खोल पाणी लागते, लांब धक्का लागतो. गोव्यात अशी जहाजे मुरगाव बंदरात लागतात. उतरणाऱ्याच्या मनात असते पणजी, आणि पणजी तेथून तीस किलोमीटरांहून अधिक दूर. मधे झुआरी नदी. जवळचे शहर वास्को, तेही बंदरापासून काही किलोमीटरांवर. शिवाय बंदराची हद्द म्हणजे मालधक्क्याची जागा. तेथे मोकळे हिंडता येत नाही. फाटकापर्यंत बसने नेतात, आणि फाटकाबाहेर पाऊल टाकले की खरे गाव सुरू होते.

या अंतरावरच जहाजाच्या सहलींचा व्यवसाय चालतो. आदल्या रात्री जहाजावर नोंदणी सुरू झाली. वातानुकूलित बस, मार्गदर्शक, चार ठिकाणे, जेवण. दोघांचे पैसे ऐकले तेव्हा ते आमच्या घरच्या महिन्याच्या किराण्याएवढे निघाले. मी तरी रांगेत उभा राहिलो होतो. वडिलांनी मला बाजूला घेतले. दोन दिवस ते अवघडलेलेच होते. खोली उघडायला कार्ड, जेवायला काटेचमचे, जिन्याऐवजी लिफ्ट. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी हात धरून नेत होते. ते म्हणाले, "आपन मेंढरं हाओत का रे? घंटा वाजली का चाला, घंटा वाजली का बसा! गोव्यात यष्टी नसन का?"

गोव्यात एस.टी. आहे. तिचे नाव कदंब. कदंब परिवहन महामंडळाची स्थापना १९८० सालची. तिच्याखेरीज खाजगी बसगाड्याही गावोगाव धावतात. एकट्या माणसासाठी आणखी एक सोय आहे, ती म्हणजे पायलट. हा विमानाचा पायलट नव्हे. भाड्याने मागे बसवून नेणारा परवानाधारक मोटारसायकलवाला. पुढचा मडगार्ड पिवळा, ही त्याची खूण. भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. नदी ओलांडायला फेरीबोटी आहेत. पणजीहून बेतीला मांडवीपार जाणाऱ्या फेरीबोटीत पायी माणसाला भाडे पडत नाही. बंदराच्या तोंडाशी टॅक्सीवाले गाठतात. चौघे-पाचजण असल्यास टॅक्सी परवडते, दोघांना ती जड जाते.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे वेळेचा हिशेब. आमचे जहाज सकाळी नऊला प्रवाशांना सोडणार होते आणि पाचच्या आत सर्वांनी परत यावयाचे होते. हातात आठ तास. वडिलांना मंगेशीचे देऊळ पाहावयाचे होते. मी जहाजावरच्या कागदावर मांडणी केली. जहाजातून फाटकापर्यंत अर्धा तास. फाटकापासून वास्को पंधरा मिनिटे. वास्को ते पणजी तास. पणजी ते मंगेशी पाऊण तास. एकूण अडीच तास. तेवढेच परतीला. झाले पाच. राहिले तीन. मी लगेच त्या तीन तासांत जुने गोवे बसवले, मिरामारचा किनारा बसवला, आणि वर बेतीची फेरीबोटही.

वडिलांनी कागद पाहिला आणि विचारले, "अन् गाडी नाई भेटली त?"

मग त्यांनी मला त्यांचा हिशेब सांगितला. आमची संत्र्याची बाग आहे. तोड होते त्या दिवशी मजूर, क्रेट, ट्रक यांची सांगड घालावी लागते. ट्रक मंडीत अमुक वाजता पोहोचलाच पाहिजे असे असल्यास, ते पहाटेपासून पुढे मोजत नाहीत. मंडीच्या वेळेपासून मागे मोजत येतात, आणि प्रत्येक टप्प्यावर थोडी ढील ठेवतात. "पयले वापसीची गाडी पाह्य, मंग देव पाहू," ते म्हणाले. आम्ही पाचपासून मागे मोजले. ढील म्हणून एक तास बाजूला काढला. प्रत्येक स्टँडवर गाडीची वाट पाहण्याचा वेळ धरला. निघाले असे की, मंगेशीहून दीडच्या आत निघावयाचेच. बाकीची ठिकाणे कागदावरून खोडली गेली. मला थोडे वाईट वाटले, हे कबूल करतो.

त्या दिवशी घडले ते असे. उतरणाऱ्यांच्या रांगेमुळे फाटकावर पोहोचायलाच पावणेदहा झाले. वास्कोच्या स्टँडवर पणजीच्या थेट गाडीची तिकिटे खिडकीवर आधी घ्यावी लागतात, हे एका कॉलेजच्या मुलीने सांगितले. आम्ही मराठीत विचारले, तिने कोकणीत उत्तर दिले, आणि कोणाचेही काही अडले नाही. गाडीत बसताच वडिलांचा चेहरा पालटला. त्यांनी खिडकीजवळची जागा धरली, शेजाऱ्याला गाव विचारले, नारळाला पाणी किती लागते याची चौकशी केली. दोन दिवसांत ते प्रथमच मोकळेपणाने बोलत होते.

वाटेत कुठ्ठाळी लागली. शेजारच्या गृहस्थांनी सांगितले की मंगेशीचा देव मूळ या कुठ्ठाळीचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळे पाडण्याचा सपाटा लावला, तेव्हा भक्तांनी लिंग गुपचूप नदीपार नेऊन प्रियोळ गावी ठेवले. पोर्तुगीज अंमल तेव्हा तिकडे पोहोचला नव्हता. झुआरीवरच्या नव्या पुलावरून आमची गाडी जात असताना वडील खाली पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "देवालेबी आपल्याच माणसाइनं पार केलं म्हना." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "येवढं पानी, अन् एका झाडाले कामाचं नाई." भूजल आटत चाललेल्या आपल्या तालुक्यातला माणूस दुसरे काय म्हणणार?

पणजीच्या स्टँडवर फोंड्याची बस मिळाली. ती जुन्या गोव्यावरूनच जाते. बॉम जीझस बॅसिलिका, जेथे सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष ठेवले आहेत, ती आम्ही खिडकीतूनच पाहिली. सव्वाबाराला मंगेशी. दीपमाळ, तळे, मंडपातला गारवा. तास कसा गेला कळले नाही. दीड वाजण्यापूर्वी आम्ही रस्त्यावर होतो. परत येताना जुने गोवे पुन्हा लागले आणि मी म्हटले, "बाबा, वीस मिनिटं उतरू या ना." ते म्हणाले, "तोड झाल्यावर ट्रक कोनासाठी थांबते का?" आम्ही उतरलो नाही.

पणजीला वास्कोच्या गाडीसाठी भली मोठी रांग होती. पहिली गाडी भरून गेली, दुसरीत जागा मिळाली. पुढे रस्त्यात एक ट्रक आडवा बंद पडलेला. गाडी पंचवीस मिनिटे जागची हलली नाही. माझा जीव टांगणीला लागला; वडील शांत होते, कारण ढील त्यांनी आधीच ठेवली होती. फाटकावर ओळखपत्र व जहाजाचे कार्ड दाखवून आत शिरलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. जहाजावर पाय ठेवला तेव्हा पाचाला पंधरा मिनिटे कमी. जुन्या गोव्यात वीस मिनिटे उतरलो असतो, तर काय झाले असते ते वाचकांनीच मोजावे.

जहाज चुकलेच, तर पुढे काय? जहाज आपल्यासाठी थांबत नाही. स्वखर्चाने पुढचे ठिकाण गाठावे लागते. गोव्यात निदान कोकण रेल्वे आहे. १९९८ पासून ती पूर्ण मार्गावर धावते, मडगावहून मुंबईची गाडी मिळते. घरी परतल्यावर मी हवाई बेटांच्या सफरींविषयी वाचले. तेथे हा प्रश्न अधिक कठीण आहे. आठवडाभर जहाज होनोलुलूहून निघून माऊईचे काहुलुई, मोठ्या बेटावरची हिलो व कोना, कवाईचे नाविलिविली अशी बंदरे घेते. मोठ्या बेटांना जोडणारी प्रवासी बोट २००७ साली सुरू झाली ती २००९ मध्ये बंद पडली. तेव्हा जहाज चुकलेल्याने पुढचे बेट विमानानेच गाठावयाचे. होनोलुलूत धक्क्यावरून उतरले की शहर समोरच. हिलोहून ज्वालामुखीचे राष्ट्रीय उद्यान मात्र सुमारे पन्नास किलोमीटर दूर. कोनाला तर जहाज धक्क्याला लागतच नाही. ते बाहेर नांगर टाकते आणि माणसे लहान बोटींतून काठावर येतात.

हे वाचून मला आपल्या कोकणची आठवण झाली. मुंबई–गोवा आगबोटींच्या काळात मालवण, वेंगुर्ले अशा बंदरांत हीच रीत होती. आगबोट बाहेर उभी राही, आणि ट्रंका, पोरेबाळे, आंब्याच्या पेट्या यांसह माणसे पडावात उतरत. पावसाळ्यात बोटी बंद. त्या प्रवाशांना बंदरात स्वतंत्रपणे फिरणे कोणी शिकवले नव्हते. त्यांना घरी जावयाचे होते आणि विचारत विचारत ते जात.

अनुभवाचे सार थोडक्यात सांगतो. उतरण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: परत येण्याची शेवटची वेळ, धक्क्याचे नाव, आणि जहाजाच्या तेथील प्रतिनिधीचा दूरध्वनी. ओळखपत्र आणि जहाजाचे कार्ड खिशात, पैसे सुटे. एकच लांबचे ठिकाण ठरवावे. सर्वांत लांबच्या टोकाला आधी जावे आणि बंदराच्या दिशेने परतत यावे. जवळ आल्यावर वेळ उरला तर तो तेथे घालवावा. रस्ता दोघांना विचारावा, आणि दोघांची उत्तरे जुळली तरच निघावे. ज्यांना चालवत नाही, किंवा ज्यांचे ठिकाण फारच दूर आहे, त्यांनी जहाजाची सहल खुशाल घ्यावी. तिचा एक मोठा फायदा असा की तीच बस उशिरा आली, तर जहाज सहसा थांबते. आपल्या पायांनी जाणाऱ्याने मात्र ती सोय गृहीत धरू नये.

आम्ही घरी परतल्याला आता काही महिने झाले. पारावर वडिलांना लोक जहाजाबद्दल विचारतात. ते जहाजाबद्दल दोन वाक्ये सांगतात, आणि मग वास्कोची खिडकी, कुठ्ठाळीचा देव, बंद पडलेला ट्रक, असे तासभर सांगत बसतात. त्या दिवसाची बसची तिकिटे त्यांनी अजून बंडीच्या खिशात जपून ठेवली आहेत. आईने परवा ती बंडी धुवायला घेतली तेव्हा तिकिटे आधी बाहेर काढून ठेवली आणि मला म्हणाली, "पुढच्या खेपेले मीबी येतो. फक्त गाडीचं तुह्या बाबालेच पाहू दे."