खेळाचे कथानक आणि वाचकांची वर्गणी

दक्षिण कोकणातील दशावतारी नाटकाला परंपरेने लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेले असते. संवाद नट रंगमंचावरच रचतात. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळही काहीसा असाच आहे. मेजाभोवती बसलेल्यांपैकी एक जण सूत्रधार होतो, इतर जण पात्रे होऊन निर्णय घेतात आणि फाशांचे दान यशापयश ठरविते. सूत्रधारासाठी स्थळे, नकाशे व संकटे यांचे टिपण पुस्तिकेत दिलेले असते.

अशा पुस्तिका आज अनेक लेखक स्वतःच प्रकाशित करतात. २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘किकस्टार्टर’सारख्या संगणकीय माध्यमांतून वाचक आगाऊ वर्गणी देतात. तेथे ठरलेली रक्कम मुदतीत न जमल्यास कोणाकडूनही पैसे घेतले जात नाहीत; जमल्यास पुस्तक पोहोचविण्याचे दायित्व लेखकावर येते. म्हणून मजकूर पुरा करून, खेळून पाहून आणि छपाई, चित्रे व टपाल यांचा खर्च मांडूनच आवाहन करणे इष्ट.

शिमगोत्सवाची वर्गणी व तिचा हिशेब रत्नागिरीच्या वाड्यांना नवा नाही. रत्नदुर्ग, जयगड यांवर असे कथानक रचू इच्छिणाऱ्या शिक्षकांनी हीच शिस्त पाळल्यास वर्गणीदारांचा विश्वास टिकेल.