फडात चालेल असा दुभाषा

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या मांजरसुंब्याच्या चौकातून ऊसतोड टोळ्यांच्या गाड्या जाऊ लागतात. काही पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर, काही थेट कर्नाटकात. चौकातला राष्ट्रीय महामार्ग ५२ पुढे सोलापूर ओलांडून विजयपूर, हुबळीकडे जातो. तिथे वजनाची पावती, दवाखाना, दुकान, सगळा कारभार कानडीत. मराठी-कानडी भाषांतर करणारं सॉफ्टवेअर आज आहे. आयआयटी मद्रासमधल्या ‘एआयफोरभारत’ने २०२३ मध्ये खुलं केलेलं ‘इंडिकट्रान्स२’ राज्यघटनेतल्या सगळ्या २२ भाषा हाताळतं. पण रेंज नसलेल्या उसाच्या फडात, स्वस्तातल्या मोबाइलवर ते चालेल का?

थोडा हिशेब करू. इंडिकट्रान्स२ या मॉडेलच्या मोठ्या आवृत्तीत सुमारे ११० कोटी आकडे (पॅरामीटर) आहेत. प्रत्येकाला ४ बाइट धरले तर ४.४ जीबी झाले. ४ जीबी रॅमच्या फोनमध्ये ते मावणारच नाही. बरं, मावलं तरी वेगाचं काय? भाषांतर तुकड्यातुकड्याने बाहेर पडतं आणि दर तुकड्यासाठी वाक्य रचणाऱ्या भागाचे आकडे मेमरीतून पुन्हा आणावे लागतात. गुणाकार-बेरीज झटपट उरकते, खोळंबा होतो तो या आणण्यात.

म्हणून पहिली कात्री आकड्यांच्या वजनाला. ०.१३७२ सारखा आकडा जसाच्या तसा न ठेवता २५६ ठरावीक पायऱ्यांपैकी जवळच्या पायरीवर बसवायचा. ४ बाइटांचं काम एकात भागतं, ४.४ जीबीचे १.१ होतात. दुसरा उपाय म्हणजे मोठ्या मॉडेलच्या हाताखाली छोटं तयार करणं. छोट्याला माणसांची भाषांतरं न देता मोठ्याने केलेली भाषांतरं शिकवतात. त्यांची धाटणी एकसारखी असते, त्यामुळे ती लवकर पचतात. इंडिकट्रान्स२ची छोटी आवृत्ती २० कोटी आकड्यांच्या आसपास आहे. दर आकड्याला एक बाइट धरला तर २०० एमबी. एवढं कोणत्याही फोनला झेपतं.

मराठीचं स्वतःचं एक दुखणं आहे. यंत्र शब्द फोडून वाचतं. ज्याच्या तुकड्यांची यादी मुख्यतः इंग्रजी मजकुरावरून बनली, ते ‘मांजरसुंब्याहून’चा पार अक्षर-मात्रांपर्यंत चुरा करतं. यादी करताना भरपूर मराठी वाचलेली असेल, तर हाच शब्द तीन-चार तुकड्यांत निभावतो. मराठीत भाषांतर होताना तुकडे निम्मे झाले की मेमरीच्या फेऱ्याही निम्म्या. मला विचाराल तर मराठीसाठी सर्वांत स्वस्तात मिळणारा वेग इथे आहे.

आधीचं काम जपून ठेवणं हाही मोठा फायदा. ३० तुकड्यांचं भाषांतर करताना प्रत्येक वेळी मागचं सगळं नव्याने मोजलं, तर १ ते ३० ची बेरीज, म्हणजे ४६५ तुकड्यांचं काम पडतं. जपून ठेवलं तर ३०. काही सॉफ्टवेअर मराठीचं आधी इंग्रजी करतात आणि मग त्याची कानडी. एका वाक्याला दोन भाषांतरं! इंडिकट्रान्स२मध्ये भारतीय भाषेतून थेट भारतीय भाषेत जाणारं मॉडेलही आहे. शिवाय दर तुकड्याला पाचेक पर्याय धरून पुढे जाण्याची रीत सोडून एकच धरला, तर वेळ आणखी वाचतो. दर्जा जरासा उतरतो.

हा ‘जरासा’ शब्द मला खटकतो. दर काटछाटीनंतर हजारेक वाक्यांचं भाषांतर तपासून सरासरी गुण काढतात. अर्ध्या गुणाची घसरण कोणी मनावर घेत नाही. पण दोन वाक्यांतला ‘नाही’ गळला किंवा टनाच्या दरातला आकडा बदलला, तर सरासरी हलतसुद्धा नाही. मजुराची मात्र मजुरी बुडते. त्यामुळे उचल, वजन, औषधाचा डोस अशी आकड्यांची आणि नकाराची वाक्यं वेगळी काढून काटछाटीच्या आधी आणि नंतर ताडून पाहावी लागतात. वेगाची चाचणीही ऑफिसातल्या लॅपटॉपवर करून उपयोग नाही. ती स्वस्तातल्या फोनवर, उन्हात करायची. तापलेला प्रोसेसर आपणहून मंदावतो, म्हणून पहिल्या वाक्याचा वेग न धरता विसाव्या मिनिटाचा धरायचा.