राहणार कुठं? : फिल्म कॉलेज, हॉस्टेल आणि संधी

(कोडोली येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय 'चित्रपट शिक्षणातल्या संधी' असा आहे. पण समोर पालक बरेच दिसताहेत, म्हणून संधीच्या आधी मी राहण्याचं बोलणार आहे. घरातलं पोरगं म्हणालं, 'मला कॅमेरा शिकायचाय, पुण्याला जायचंय', की आपला पहिला प्रश्न असतो, 'राहणार कुठं?' आपण तो अडचण म्हणून विचारतो. माझं म्हणणं असं की फिल्म कॉलेजच्या बाबतीत हा शिक्षणाचाच प्रश्न आहे. का, ते सांगतो.

सिनेमा एकट्यानं होत नाही

पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट, म्हणजे एफटीआयआय, 1960 साली सुरू झाली. लॉ कॉलेज रोडला, प्रभात स्टुडिओच्या जागेत. तिथं दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी, कला दिग्दर्शन, अभिनय असे वेगवेगळे विभाग आहेत. एकेका विभागात मुलं थोडी. आणि शेवटी जो डिप्लोमा चित्रपट करायचा, तो या विभागांतल्या मुलांनी मिळून करायचा. दिग्दर्शन एकाचं, कॅमेरा दुसऱ्याचा, आवाज तिसऱ्याचा, संकलन चौथ्याचं.

आता विचार करा, हे चौघं एकमेकांना ओळखणार कधी? वर्गात तर प्रत्येक जण आपापल्या विभागात. ओळख होते ती संध्याकाळी सिनेमा दाखवतात तिथं, त्यानंतर मेसमध्ये, आणि मग रात्री कुणाच्या तरी खोलीवर. 'तो शॉट तसा का घेतला असेल?' यावर तासभर वाद होतो. त्या वादात कळतं, कुणाची नजर कशी आहे, कुणाशी आपलं जमेल. जो विद्यार्थी शेवटची बस गाठायची म्हणून सिनेमा अर्धा सोडून निघतो, त्याचा फक्त सिनेमा चुकत नाही. त्याची टीम चुकते.

नोकरीचंही तसंच. इंजिनिअरिंगला कंपन्या कॉलेजात येतात, मुलाखती घेतात. सिनेमात तसं फारसं नाही. पहिलं काम बहुतेक वेळा फोनवर येतं, 'अरे, आम्हाला एक असिस्टंट पाहिजे, येतोस का?' हा फोन करतो कोण? ज्यानं तुमच्याबरोबर रात्र जागून काम केलंय तो.

याचं एक जुनं उदाहरण त्याच जागेतलं आहे. चाळीसच्या दशकात प्रभातमध्ये दोन तरुण काम करत होते, देव आनंद आणि गुरुदत्त. दोघांचा धोबी एकच. त्यानं शर्टांची अदलाबदल केली आणि त्यातून यांची दोस्ती झाली, असं देव आनंद सांगत असत. दोघांनी एकमेकांना शब्द दिला, मी निर्माता झालो तर दिग्दर्शन तू करायचंस, तू दिग्दर्शक झालास तर नायक मी. पुढं देव आनंद यांच्या नवकेतनसाठी गुरुदत्त यांनी 'बाझी' केला, 1951 साली. गुरुदत्त यांचा दिग्दर्शक म्हणून तो पहिला चित्रपट. एका धोब्याच्या गाठोड्यातनं आलेली संधी आहे ही! (हशा) पण हसण्यावारी नेऊ नका. दोघं एकाच आवारात वावरत होते म्हणून ती आली.

हे कोल्हापूरला आधीच माहीत होतं

आपल्याला यात नवल वाटायला नको. प्रभातची स्थापना 1929 सालची, आपल्या कोल्हापुरातली. पुण्याला ती 1933 साली गेली. दामले, फत्तेलाल, शांताराम ही माणसं कुठं शिकली? बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत, पडेल ते काम करत. पाटी नसलेलं फिल्म कॉलेजच होतं ते.

दुसरी गोष्ट शाहू महाराजांची. खेड्यातल्या पोराला शिकायचंय, पण शहरात राहायला जागा नाही, जेवायची सोय नाही, हे त्यांनी ओळखलं. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच सुमारास जैन बोर्डिंग, पुढं मुस्लिम, लिंगायत, मिस क्लार्क अशी एकेक वसतिगृहं उभी राहिली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळं. शाळा होत्याच हो. त्या शाळेपर्यंत पोचायचा रस्ता बोर्डिंगमधून गेला. आपल्याच जिल्ह्यातल्या कुंभोजचे कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या बोर्डिंगमध्ये राहून शिकले, आणि पुढं त्यांनीही शाळांच्या जोडीनं वसतिगृहं काढली. मग सिनेमाच्या शिक्षणाला वेगळा नियम कसा असेल?

खोली अडली की काय अडतं

आता याची दुसरी बाजू. फिल्म कॉलेजात अभ्यासक्रम लांबतात. स्टुडिओ मिळायला वेळ, सामान मिळायला वेळ, शूटिंग पुढं ढकललं जातं. एफटीआयआयमध्ये 2015 साली विद्यार्थ्यांचा 139 दिवसांचा संप झाला, तो सगळ्यांना आठवतो. त्याच काळात आणखी एक गोष्ट पुढं आली. 2008 साली दाखल झालेल्या तुकडीतल्या काहींचे चित्रपट तेव्हाही पुरे झालेले नव्हते. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि सात वर्षं!

यात दोष कुणाचा, त्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोललं गेलंय. मी फक्त हिशेब मांडतो. जुनी मुलं राहिली की खोल्या रिकाम्या होत नाहीत, आणि नव्यांना जागा कमी पडते. ज्याच्या घरी पैसे आहेत तो बाहेर फ्लॅट घेतो. ज्याच्या घरी ऊसबिलाची वाट बघत घर चालतं, त्याला प्रत्येक जादा महिना जड जातो. बऱ्याचदा तो फिल्म अर्धी टाकून परत येतो, आणि गावात म्हणतात, 'त्याला जमलं नाही.' जमत होतं, हो. खोलीचं भाडं जमलं नाही.

प्रवेशाआधी काय विचारायचं?

सरकारी असो वा खाजगी, फी विचारताना हेही विचारा आणि उत्तर लेखी घ्या. हॉस्टेल पूर्ण अभ्यासक्रमासाठी आहे की पहिल्याच वर्षापुरतं? अभ्यासक्रम लांबला तर खोली राहते का, आणि जादा काळाचे पैसे किती? संकलनाच्या खोल्या रात्री किती वाजेपर्यंत उघड्या असतात? मुलींच्या हॉस्टेलचं गेट कधी बंद होतं? या दोन वेळा जुळत नसतील, तर त्या कॉलेजात मुलींनी फी पूर्ण भरायची आणि शिकायचं अर्धंच, असा अर्थ होतो.

पैशाचं म्हणाल तर सरकारी योजना आहेत. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्यामुंबईसारख्या ठिकाणी वर्षाला 60,000 रुपयांपर्यंत रक्कम थेट खात्यावर जमा होते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे. अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. पण कुठला अभ्यासक्रम कुठल्या योजनेत बसतो याचे नियम असतात. म्हणून समाजकल्याणच्या ऑफिसात आधी विचारा, उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आधीच काढून ठेवा. प्रवेश झाल्यावर धावपळ केली की मुदत निघून जाते.

आणि पुणं नाही जमलं तर?

बारावीच्या मुलांनी एक लक्षात ठेवा. एफटीआयआयच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आधी पदवी लागते, कुठल्याही शाखेची चालते. म्हणजे तयारीला तीन वर्षं आहेत. ती वारणानगरला, कोल्हापूरला काढता येतात. शिवाजी विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजनेतून राहून शिकणारी मुलं आहेत. एफटीआयआय काही आठवड्यांचे लघु अभ्यासक्रमही घेते, त्यातून आपल्याला हे झेपतं का, ते कमी खर्चात कळतं.

नागराज मंजुळे करमाळ्याकडच्या जेऊरचे. संवादशास्त्र शिकले अहमदनगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात. तिथं शिकताना केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री', 'सैराट' ही नावं त्यानंतर आली. म्हणजे मोठ्या संस्थेचीच पाटी लागते असं नाही. बरोबर काम करणारी माणसं आणि काम करायला वेळ मात्र लागतो.

श्रोत्यांमधून प्रश्न: सर, एवढं करून मुलीला पाठवावं का?

पाठवावं. पण तिच्याबरोबर एकदा तुम्ही जाऊन या. ऑफिस नंतर बघा, आधी हॉस्टेल बघा. तिथल्या दोन मुलींशी बोला. माहितीपत्रकापेक्षा त्या खरं सांगतील.

जाता जाता एक मागणं. कोडोलीची आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांची किती कुटुंबं आज पुण्यात आहेत, त्यांची यादी करा. पोराला हॉस्टेल मिळेपर्यंतचे पहिले दोन महिने महागात पडतात, आणि तिथंच पुष्कळ जण माघारी फिरतात. तेवढ्यापुरती एक खोली गावानं मिळून भाड्यानं घेतली, तर दरवर्षी तीन-चार मुलं तरी टिकतील. शाहू महाराजांनी राजा असून ज्याची काळजी केली, ते आपण वर्गणीतून करू शकतो. यादीची वही पुढच्या टेबलावर ठेवली आहे. नावं सांगून मगच चहाला जा.