शोभेच्या माशांची सुटीतील निगा
घरातील काचेच्या टाकीत पाळलेल्या माशांची, कुटुंब परगावी असताना घ्यावयाची काळजी. मासे उपासमारीने मरतील, ही भीती बहुधा निराधार असते. मासे अनियततापी असल्याने शरीर उबदार राखण्यासाठी त्यांची ऊर्जा खर्च होत नाही. निरोगी प्रौढ मासे आठवडाभर अन्नावाचून सहज राहतात. पिलांना मात्र रोज अन्न लागते. खरा धोका पाणी बिघडण्याचा असतो. निघताना घातलेले किंवा शेजाऱ्याने दयेपोटी टाकलेले जादा खाद्य कुजून अमोनिया निर्माण होतो व पाण्यातील प्राणवायूही खर्ची पडतो.

पर्जन्यछायेतील अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात हा धोका उन्हाळी सुटीत वाढतो, कारण पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्रसपाटीस २०° से. तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिग्रॅ., तर ३०° से.ला सुमारे ७.५ मिग्रॅ. प्राणवायू मावतो. वीज जाऊन हवेचा पंप थांबल्यास सोनेरी मासा लवकर गुदमरतो. पृष्ठभागावर येऊन हवा घेणारे गुरामी व फायटर तग धरतात. बंद गाळणीतील अमोनियाचे नायट्रेट करणारे उपयुक्त जीवाणूही प्राणवायूअभावी मरू लागतात.

यास्तव टाकी उन्हापासून दूर ठेवून, निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी सुमारे एक-चतुर्थांश पाणी बदलतात; नवे पाणी क्लोरीनमुक्त असावे लागते. ऐनवेळी सर्व पाणी बदलून गाळणी नळाखाली धुणे ही नेहमीची चूक होय. मुक्काम लांबणार असल्यास शेजाऱ्याकडे खाद्याचा डबा न सोपविता एकेका खेपेच्या पुड्या बांधून द्याव्यात.