हेतू आणि महत्त्व

या दोन शब्दांत पुष्कळांची गल्लत होते.

मुंबईत वडाळ्याला मिठागरे होती. १९३० च्या मे-जून महिन्यांत हजारो बायामाणसे तिथे शिरली. पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, पण मूठभर मीठ उचललेच. कशासाठी? इंग्रज सरकारचा मिठाचा कायदा मोडायला. हा त्यांचा हेतू. तो आधीच मनात ठरला होता.

आता महत्त्व बघू. मीठ मूठभरच, बाजारात त्याला कोण विचारतो? कायदाही तेव्हा रद्द झाला नाही. मिठावरचा कर उठायला १९४७ साल उजाडले. मग त्या मुठीला एवढे महत्त्व कशाचे? आम्ही म्हणतो, साध्यासुध्या माणसांना सरकारचा धाक वाटेनासा झाला, त्याचे. तो कर उठण्याच्या कितीतरी आधीच.