पडद्यामागील बिनतारी संदेश आणि मराठी आज्ञार्थ

शाळेच्या स्नेहसंमेलनातील नाटकात पडद्याच्या दोरीपाशी एक विद्यार्थी असतो, दिव्यांच्या बटणांपाशी दुसरा आणि पार्श्वसंगीताच्या यंत्रापाशी तिसरा. या तिघांना एकाच क्षणी सूचना कशी पोहोचवावी, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. पुणे–लोणावळा लोहमार्गावर देहूरोड व घोरावडी यांच्यामध्ये बेगडेवाडी हे स्थानक आहे. अशा लोहमार्गालगतच्या वस्तीत गाडी जात असता कुजबूज ऐकू येत नाही, आणि हाताच्या खुणा अंधारात दिसत नाहीत.

यावर दोन अल्पखर्ची साधने उपलब्ध आहेत. पहिले वॉकी-टॉकी. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या संचांना २०१८ च्या नियमांन्वये परवान्यातून सूट आहे. म्हणून संच याच पट्ट्याचा व शासनमान्य प्रकारचा असल्याची खात्री करूनच तो विकत घ्यावा. दुसरे साधन म्हणजे वापरातून गेलेले मोबाइल व एक वाय-फाय राउटर. स्थानिक जाळ्यावर चालणारे संभाषणाचे ॲप असल्यास इंटरनेटची गरज पडत नाही. मात्र आवाज किंचित विलंबाने पोहोचतो. दोन्ही साधनांस एका कानात बसणारा इअरफोन जोडावा, म्हणजे सूचना प्रेक्षकांस ऐकू जात नाही व दुसऱ्या कानाने नाटक ऐकता येते.

परंतु साधन मिळाले म्हणजे प्रश्न सुटला, असे नव्हे. खरी अडचण भाषेची आहे. वॉकी-टॉकीवरून साधारणतः ३०० ते ३००० हर्ट्झ एवढ्याच कंप्रतेचा ध्वनी जातो. ‘स’ या वर्णाचा बराचसा ध्वनी याच्या वरच्या टप्प्यात असल्याने तो क्षीण होतो. शिवाय कळ दाबताक्षणीच बोलल्यास पहिला वर्ण गळतो. आता वरून खाली उतरणाऱ्या पडद्याच्या दोन आज्ञा पाहा : ‘सोडा’ आणि ‘ओढा’. ‘सोडा’मधील ‘स’ गेला की उरते ‘ओडा’; आणि ‘ड’ व ‘ढ’ यांतील महाप्राणाचा भेद गोंगाटात टिकत नाही. अर्थाने परस्परविरुद्ध असलेले हे शब्द कानाला एकच होतात. पडद्याच्या दांड्याखाली एखादे मूल उभे असेल, तर ही केवळ ध्वनिविचारातील गंमत राहत नाही.

दुसरा धोका वाक्याच्या शेवटी आहे. मराठीत निषेध क्रियापदाच्या मागाहून येतो. ‘पडदा सोडू नका’ असे म्हणताना कळ लवकर सुटली, तर ‘नका’ हरवतो आणि मनाईची अनुमती होते. यास्तव निषेधार्थी आज्ञा मुळीच देऊ नयेत; ‘थांबा, थांबा’ असे दोनदा म्हणावे. एक गळला तरी दुसरा उरतो.

मात्र हाच वाक्यक्रम एका बाबतीत उपकारकही आहे. इंग्रजी रंगभूमीवर आधी काम सांगून ‘गो’ हा शब्द शेवटी उच्चारण्याचा संकेत मुद्दाम पाळावा लागतो. मराठीत क्रियापद स्वभावतःच शेवटी येते. म्हणून ‘तयार : पडदा खाली’ अशी पूर्वसूचना द्यावी, ऐकणाऱ्याने ‘पडदा खाली, तयार’ असे उत्तर द्यावे, आणि नेमक्या क्षणी ‘पडदा खाली, चला’ म्हणावे. ‘खाली’ व ‘वर’ यांची स्वररचना भिन्न असल्याने घोटाळा होत नाही.

‘चला’ हा शब्द मात्र अन्य कोणत्याही प्रसंगी उच्चारू नये. १९७७ मध्ये तेनेरीफ येथे धावपट्टीवर दोन विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे दगावली. बिनतारी संभाषणातील संदिग्धता हे तिचे एक कारण होते. त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची अनुज्ञा देताना अथवा ती रद्द करतानाच वापरावा, असा दंडक पडला. शाळेच्या रंगमंचासही तोच न्याय लागू आहे. संच विकत घेण्यापूर्वी दहा-बारा शब्दांची यादी ठरवावी आणि गाडीच्या आवाजात ती मुलांकडून म्हणवून पाहावी. या तयारीस काहीच खर्च येत नाही.